लोधीखेड्याचे शिवार आणि चित्रांतील शेतकरीण

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाऊ लागले, म्हणजे महाराष्ट्राची सीमा केव्हा ओलांडली हे प्रवाशाला जमिनीवरून मुळीच कळत नाही. तीच काळीभोर माती, तीच पऱ्हाटी, तेच संत्र्यांचे बगीचे आणि बांधावर तीच बाभूळ. पाट्या मात्र एकाएकी हिंदी होतात. सौसर तालुक्यातील लोधीखेडा हे गाव या सीमेच्या अगदी पलीकडे, नागपुरापासून सुमारे साठ किलोमीटरांवर वसलेले आहे. सरकारी कागदावर त्याचे नाव ‘लोधीखेड़ा’ असे खाली टिंब देऊन लिहितात. घराघरांत मात्र ते आपले साधे लोधीखेडाच आहे. मुले हिंदीतून शिकतात, कचेरीत अर्ज हिंदीतून होतो. परंतु चुलीपाशी, विहिरीवर व शेतात ऐकू येते ती नागपूरकडची वऱ्हाडी वळणाची मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एकीकडे गेले आणि सौसर व पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा नावाचा निराळा जिल्हा झाला. पांढुर्ण्याचे नाव वाचकांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणाऱ्या गोटमारीमुळे ऐकले असेल. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून माणसे एकमेकांवर दगड फेकतात, आणि दरवर्षी त्याचे वृत्त येते. तीच जाम नदी सौसर तालुक्यातून वाहत पुढे कन्हानेला मिळते. तिच्या काठी वर्षाचे उरलेले दिवस जे चालते, त्याचे वृत्त कोठेच येत नाही, आणि आम्हांस आज त्याविषयीच लिहावयाचे आहे.

पूर्वी या गावास नॅरोगेजची लहानशी गाडी येत असे. ती २०१५ मध्ये बंद होऊन तिच्या जागी रुंद मार्ग आला. जवळच बोरगावला कारखाने उभे राहिले असून रेमंडची लोकरी कापडाची गिरणी तेथे १९९१ पासून आहे. त्यामुळे पुष्कळ घरांतील पुरुष पाळीवर कामास जातात. मग शेत कोणी पाहावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. नाताळापूर्वीच्या दिवसांत सकाळी कोणत्याही पांदणीने शिवारात शिरावे. जिकडे पाहावे तिकडे स्त्रियाच दिसतात.

आम्ही गेलो तेव्हा कापसाचा दुसरा वेचा चालू होता. ज्यांनी ही वेचणी पाहिलेली नाही अशा कोकणच्या वा घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पऱ्हाटीचे झाड पुरते कमरेच्या वर जाते. बोंड उकलले म्हणजे त्याच्या कवचाच्या चार-पाच पाकळ्या वाळून मागे वळतात, व प्रत्येकीचे टोक सुईसारखे ताठ होते. त्या टोकांमधून बोटे घालून कापूस अलगद ओढून घ्यावयाचा, तोही असा, की वाळक्या पानाचा चुरा त्याला लागू नये. कारण काडीकचरा असला म्हणजे व्यापारी भाव पाडतो. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत जातो, आणि ओटी भरली म्हणजे तिचे वजन गर्भिणीच्या पोटासारखे पुढे लोंबते. त्याच भाराने पुढची ओळ धरावयाची. दव वाळल्यापासून ऊन कलेपर्यंत हेच काम. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला व तोंडाला घट्ट आवळलेला दुपट्टा. उघडे दिसतात ते डोळे आणि हात.

हा सदरा आम्ही कधीही कोणत्या चित्रात पाहिलेला नाही.

गावातील एका दुकानाच्या भिंतीवर बियाणे विकणाऱ्या कोणा कंपनीचे कॅलेंडर होते. त्यावरही एक शेतकरीण होती. हिरवेगार नऊवारी लुगडे, नाकात नथ, दंडात वाकी, काखेत कणसांची पेंढी, आणि चेहऱ्यावर असे हास्य, की जणू काही तिला कामास नव्हे, लग्नाला बोलाविले आहे. तिच्या पायाला माती नव्हती. वाचकहो, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुष्कळांच्या घरी ते आजही टांगलेले असेल. ही बाई आली कोठून, आणि ती एवढी चिरतरुण कशी राहिली, हा विचार आमच्या मनात शिरला, आणि शोध घेता घेता आम्ही फार लांब, थेट हॉलंडच्या कुरणांपर्यंत जाऊन पोहोचलो.

सतराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडची शहरे व्यापाराने गबर झाली होती. मसाले, लोकर, मासळी व दूधदुभते यांवर पैसा मिळविलेली ही शहरी मंडळी भिंतीवर लावण्यासाठी चित्रे विकत घेऊ लागली. राजे व धर्मपीठ यांच्याऐवजी सामान्य नागरिकांनी चित्रकारास पोसावे, असे इतक्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी क्वचितच घडले होते. १६०५ साली हूफ्त नावाच्या कवीने ‘ग्रानिदा’ नावाचे नाटक लिहिले. त्यात एक राजकन्या शिकारीत वाट चुकते आणि एका मेंढपाळाच्या प्रेमात पडून राजवाड्यापेक्षा रान बरे असे ठरविते. नाटक लोकांस एवढे आवडले की मेंढपाळ आणि मेंढपाळीण यांच्या चित्रांची लाटच आली. उट्रेख्ट नगरीचा पाउलुस मोरेल्से (१५७१–१६३८) हा अशा मेंढपाळिणी काढण्यात विशेष नावाजला. त्याच्या मेंढपाळिणीच्या डोक्यावर फुले खोवलेली गवती टोपी असते, हाती काठी असते, अंगावर रेशीम असते, आणि गाल असे गुलाबी की ऊनपाऊस काय असतो हे त्यांना ठाऊकच नसावे. बहुधा मेंढी चित्रात नसते. असलीच तर कोपऱ्यात. श्रीमंत घरांतील मुली तर स्वतःच मेंढपाळिणीचा वेष करून आपली चित्रे काढवून घेऊ लागल्या. जिने खरोखर पहाटे उठून धार काढली, तिला त्या चित्रात जागा मिळाली नाही. तिचा वेष मात्र मिळाला.

तथापि सगळेच डच चित्रकार असे नव्हते, हेही येथेच सांगितले पाहिजे. डेल्फ्टच्या योहानेस फेर्मीर याचे ‘दूधवाली’ म्हणून जगप्रसिद्ध झालेले चित्र १६५८ च्या सुमाराचे आहे. ते अवघे हातभर लांबीरुंदीचे असून ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ठेवलेले आहे. या चित्रकाराची पत्नी कॅथलिक होती, आणि विवाहाच्या वेळी त्यानेही आपला श्रद्धामार्ग स्वीकारला असावा असे अभ्यासक मानतात. चित्रातील स्त्री खरे पाहता धार काढणारी नव्हे. ती स्वयंपाकघरातील मोलकरीण आहे, आणि शिळ्या भाकरीचे काही करण्यासाठी मातीच्या भांड्यात दूध ओतीत आहे. बाह्या वर सारलेल्या आहेत, आणि म्हणूनच एक गोष्ट दिसते. मनगटापर्यंतचे हात रापलेले आहेत, त्यावरचा भाग गोरा आहे. हा एवढासा रंगभेद चित्रकाराने लपविला नाही. भिंतीतील खिळा आणि खिळ्यांची जुनी भोकेदेखील त्याने सोडली नाहीत. ती हसत नाही, आपल्याकडे पाहत नाही. तिचे लक्ष दुधाच्या धारेवर आहे. आम्हांस विचाराल तर मोरेल्सेच्या शंभर मेंढपाळिणी एकीकडे आणि ही एक मोलकरीण दुसरीकडे, तरी पारडे तिचेच जड.

पुढची गोष्ट आणखी दोनशे वर्षांनंतरची, आणि ती आपल्या वाचकांना थोडी टोचेल. हॉलंडच्या दक्षिणेस उत्तर ब्राबांट नावाचा प्रांत आहे. तेथील खेडुत बहुतेक कॅथलिक. त्या प्रांतातील न्यूनेन या गावी १८८३ च्या अखेरीस व्हिन्सेंट व्हॅन गॉफ हा चित्रकार आपल्या आईवडिलांकडे राहावयास आला. वडील प्रॉटेस्टंट पाळक होते. गावातील विणकर, शेतमजूर व त्यांच्या स्त्रिया यांची चित्रे काढण्याचा त्याने ध्यास घेतला. जमीन उकरणाऱ्या, पेंढ्या बांधणाऱ्या, सरवा वेचणाऱ्या स्त्रियांच्या पाठी, टाचा व हात त्याने शेकडो वेळा रेखाटले. १८८५ साली त्याने ‘बटाटे खाणारी माणसे’ हे चित्र पुरे केले. दिव्याच्या अंधुक उजेडात एक कुटुंब एकाच ताटातील बटाटे खात आहे. चेहरे हाडकुळे, बोटे गाठाळलेली. ज्या हातांनी माती उकरली तेच हात ताटात जात आहेत, म्हणजे या लोकांनी आपले अन्न प्रामाणिकपणे मिळविले आहे, हे आपणांस दाखवावयाचे होते, अशा आशयाचे त्याने आपल्या भावास कळविले. शेतातली मुलगी तिच्या मळक्या, ठिगळ लावलेल्या निळ्या कपड्यांतच सुंदर दिसते, आणि तिने शहरी पोशाख चढविला की तिच्यातले खरे ते निघून जाते, असेही त्याचे मत होते.

त्याच वर्षी गावच्या कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या लोकांना या चित्रकारासमोर बसण्यास मना केले. त्या कुटुंबातील एक मुलगी अविवाहित असताना गरोदर राहिली होती, आणि संशय चित्रकारावर गेला होता. त्याने तो आरोप नाकारला. धर्मगुरूंनी चित्रासाठी न बसणाऱ्यास पैसे देऊ केले, अशी तक्रार त्याने पत्रात नोंदविली आहे. नोव्हेंबरात तो गाव सोडून गेला तो परत आला नाही. आपल्या मेंढरांची अब्रू राखावी हा त्या धर्मगुरूंचा हेतू समजण्याजोगा आहे. पण परिणाम असा झाला, की ज्या एका चित्रकाराने त्या कॅथलिक मजूर स्त्रियांस जशा होत्या तशा पाहण्याचे कष्ट घेतले, त्याच्याकडे त्यांना पाठ फिरवावी लागली.

या न्यूनेनपासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर हेस्वाइक येथे नॉर्बर्टाइन संघाचा बेर्न नावाचा मठ आहे. मध्य प्रदेशातील आपल्या बांधवांना हे नाव अपरिचित वाटू नये. १९३२ मध्ये जबलपूरचा मिशन-प्रांत निर्माण झाला तो याच डच संघाकडे सोपविला गेला. १९५४ साली तेथे धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले महागुरू कॉनराड दुबेलमन हे त्याच संघाचे होते. व्हॅन गॉफने ज्यांचे हात काढले त्या शेतकऱ्यांच्याच प्रांतातून निघून ही माणसे नर्मदेच्या खोऱ्यात आली. हॉलंड आणि आपले शिवार यांच्यामधील अंतर वाटते तेवढे नाही.

आता आपल्या घरच्या चित्रांकडे वळू. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस छापखाना काढला आणि रंगीत चित्रे गरिबाच्या झोपडीपर्यंत गेली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी नाना जातीजमातींच्या स्त्रिया रेखाटल्या. ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या हिंदी स्त्रियांवरील ग्रंथातील चित्रे त्यांचीच. त्यांचा हात फार सफाईचा, वस्त्राची चुणी न् चुणी ते दाखवीत. परंतु पाहणाऱ्याला मोह पडावा अशी मांडणीही त्यात असे. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोव्याच्या दोघांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व कॅलेंडरे गाजविली. घागर घेतलेली, खुरपे धरलेली, मोट पाहत उभी असलेली ती टवटवीत खेडवळ तरुणी महाराष्ट्राच्या घरोघरी गेली. आम्ही त्या चित्रांना हसणार नाही. मातीच्या भिंतीवर तेवढाच एक रंग असे, आणि तो रंग घरच्या बाईनेच हौसेने खिळ्याला अडकविलेला असे.

आपल्या समाजातीलही दोघांची आठवण ठेवावी. गोव्यातील सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले व पुढे तेथेच शिकवू लागले. छायाप्रकाशावरील त्यांचे प्रभुत्व पाहून लोक त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. म्हणजे हॉलंड येथेही आलेच! आणि दुसरे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७). हे शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांनी पवित्र मातेला साडी नेसविली, तिला आपल्याकडील सावळ्या बायकांचा चेहरा दिला. त्यावरून गोव्यात केवढा गहजब झाला! निळे डोळे आणि युरोपी झगा ज्यांना चालत होता, त्यांना साडी खटकली. नाझरेथची ती माता पाणी भरीत होती, दळण दळीत होती, सुताराच्या घरातील केर काढीत होती, हे आपण प्रवचनात ऐकतो; परंतु तसे चित्र समोर आले की बावरतो. फोन्सेकांच्या मरीयेचे हातही मऊच आहेत, हेही आम्ही येथे नमूद करतो.

शिवारात आम्ही या सर्व गोष्टी डोक्यात घेऊन उभे होतो, आणि व्हॅन गॉफचे म्हणणे आम्हांस पुरते पटले होते. साठीच्या पुढच्या एक बाई धुऱ्यावर बसून पाणी पीत होत्या. त्यांच्या बोटांच्या टोकांना चिरा पडून त्यांत काळे भरले होते. त्या हातांचे छायाचित्र घ्यावे असे आमच्या मनात आले व आम्ही परवानगी विचारली.

“हाताचा फोटो नका काढू, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हात का पाहाचे हायेत? थांबा जरा, हा सदरा काढून ठेवू द्या.”

त्यांनी सदरा उतरविला, दुपट्टा सोडला, पदर नीट घेतला, केस पाण्याच्या हाताने बसविले, आणि दोन्ही हात पदराखाली झाकून त्या आमच्याकडे पाहून हसल्या. अगदी कॅलेंडरातल्या बाईसारख्या! बाजूच्या दोघीचौघी हसू लागल्या. आम्ही छायाचित्र काढले ते तसेच.

या प्रसंगाने आमचा विचार पुष्कळ बदलला. ठिगळातच तुझे सौंदर्य आहे, हे सांगणारा माणूस स्वतः ठिगळ नेसत नाही. न्यूनेनच्या त्या बायकांनाही कदाचित रविवारी मिस्सेला जाताना घालावयाची पांढरी टोपी घालूनच बसावेसे वाटले असेल. कोणी त्यांना विचारले होते? सुंदर दिसण्याची इच्छा हा काही शहरी लोकांचा मक्ता नाही. तेव्हा चित्रकाराने बाईला नीट नेसवले, हसविले, म्हणून त्याला दोषी धरणे आम्हांस आता तितकेसे योग्य वाटत नाही. दोष दुसरीकडे आहे. त्या हसऱ्या चित्राने पाहणाऱ्याचे समाधान होते आणि तो हिशेब विचारावयाचे विसरतो.

आम्ही हिशेब विचारला. “आमाले किलोवर भेटते,” एकीने सांगितले. “निंदाले गेलं त रोज भेटते, पन गडी मानसाएवढा नाही.” कां नाही, असे विचारता ती नुसती हसली. निंदण करताना दिवसभर उकिडवे बसून सरकावे लागते. ते काम पुरुष करीत नाहीत, म्हणून ते हलके काम ठरले! समान कामास समान वेतन देणारा कायदा १९७६ सालीच झाला होता. त्याला वळसा कसा घालावयाचा, हे आपल्या समाजाने फार लवकर शोधून काढले: बाईचे काम आणि पुरुषाचे काम ही दोन निराळीच ठेवावयाची, मग तुलनेचा प्रश्नच येत नाही.

जमिनीचेही तसेच. पेरणी, निंदण, वेचणी तिची. खसऱ्यावर नाव मात्र बहुधा नवऱ्याचे, सासऱ्याचे वा दिराचे. नवरा गेला की कर्जाचे कागद तिच्याकडे येतात, जमिनीचे येण्यास फेऱ्या घालाव्या लागतात. हे हिंदू समाजाचे म्हणून आपण बाजूला सारू नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. आपणांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तर मुलगा-मुलगी असा भेद पूर्वीपासूनच नाही. असे असता आमच्या धर्मग्रामांत किती बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही केली, आणि किती जणींना ते वाचून दाखविले गेले, हे प्रत्येक घराने आपल्या पेटीतील कागद काढून पाहावे.

पवित्र शास्त्रात रूथेची कथा आहे. चित्रकारांनी तिलाही फार नटविले, हॉलंडच्याही. परंतु मूळ कथा पाहा. परक्या देशातील ही विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते. शेताचे कोपरे कापू नयेत, गळलेली कणसे मालकाने उचलू नयेत, ती गरीब व परका यांच्यासाठी राहू द्यावीत, असा लेवीयाच्या पुस्तकातील नियम होता. म्हणजे सरवा ही कोणाची कृपा नव्हती, हक्क होता. तिला कोणी हात लावू नये अशी ताकीद बवाज गड्यांना देतो, यावरून शेतात एकट्या बाईस काय सोसावे लागे हेही कळते. आणि संध्याकाळी तिने झोडपलेले जव किती भरले, हे त्या कथाकाराने मापासह लिहून ठेवले आहे: सुमारे एफाभर. रूथ दिसावयास कशी होती याविषयी त्याने एक अक्षर लिहिलेले नाही.

लोधीखेड्याच्या शिवारात सरवा अजून आहे. शेवटच्या वेच्यानंतर पऱ्हाटीवर जी फुटकी-अर्धी बोंडे राहतात, ती म्हाताऱ्या बायका वेचून नेतात आणि वाळलेली झाडे सरपणासाठी उपटतात. शेजारच्या बगीच्यात त्या दिवशी आंबियाची संत्री उतरविणे चालले होते. शिडीवर पुरुष, खाली निवड करून क्रेट भरणाऱ्या बायका, हेही ठरलेलेच.

ऊन कलले तशा ओट्या एकेक करून धुऱ्यावर आल्या. मालकाच्या मुलाने बाभळीच्या फांदीला तोलकाटा टांगला. गाठोडे अडकवावयाचे, काटा स्थिर होईतो थांबावयाचे, आकडा मोठ्याने सांगावयाचा, वहीत लिहावयाचा. ज्या बाईंचे छायाचित्र आम्ही काढले त्यांना वाचता येत नव्हते. म्हणून काट्यापाशी त्यांची नात उभी होती. ती सौसरला शाळेत जाते. तिने आकडा वाचला, वहीतला पाहिला, आणि अर्धा किलो कमी लिहिला आहे असे सांगितले. मुलाने पुन्हा काटा पाहिला व आकडा खोडून दुसरा लिहिला. कोणी काही बोलले नाही. पुढचे गाठोडे अडकविण्यात आले.